चुकीच्या नावाचे वटवाघूळ

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात दोन गोष्टी एकदमच आल्या. एक अर्ज आणि एक वाघूळ.

अर्ज ग्रामपंचायतीच्या नावाने होता. देवळामागच्या जुन्या वडावर वटवाघळांची वस्ती आहे, त्यांची घाण पडते, रात्रभर कलकलाट चालतो आणि निपाहसारखा रोग पसरण्याची भीती आहे, सबब वड तोडावा, असा मजकूर. खाली तीसेक सह्या होत्या. पहिली जागा मात्र माझ्यासाठी कोरी ठेवलेली. बँकेतून निवृत्त झालेला, चार पुस्तके लिहिलेला माणूस गावात असला की अर्जावरची पहिली सही त्याच्या वाट्याला येते.

वाघूळ आले ते शेजारच्या वाडीतून. पोरांनी आदल्या दिवशी पतंग उडवले होते. तुटलेला नायलॉनचा मांजा पोफळीवर अडकून राहिला होता आणि संध्याकाळी चरायला निघालेले एक मोठे वाघूळ त्यात पंखाने गुंतले होते. उजाडल्यावर कावळे त्याला टोचू लागले, तेव्हा कुठे ते लोकांच्या नजरेस पडले.

मी अर्ज टेबलावर ठेवला, त्यावर चष्म्याचे घर ठेवले आणि शिडी शोधायला गेलो. पुढचे सहा दिवस तो अर्ज तिथेच पडून होता. त्या सहा दिवसांत मला सारखी आठवण येत राहिली ती एका माणसाची, ज्याचा वटवाघळांशी तसा काही संबंध नाही असेच आपण समजतो. ते म्हणजे डॉ. सलीम अली. आमचे नागाव अलिबागच्या दक्षिणेला, तर त्यांचे किहीम उत्तरेला. एकाच किनाऱ्यावरचे आम्ही.

सलीम अलींचा जन्म मुंबईचा, १२ नोव्हेंबर १८९६ चा. वर्षाचे होते तेव्हा वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. या अनाथ पोराला मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात वाढवले. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छऱ्याची बंदूक दिली आणि भाच्याने चिमण्या पाडायला सुरुवात केली. साधारण दहा वर्षांचा असताना त्याने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही कोणती, असा प्रश्न त्याला पडला. मामांनाही सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन पोराला संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले.

मिलार्डसाहेबांनी पक्षी हातात घेऊन त्याचे नाव सांगितले, आणि मग कपाटाचे खण एकामागून एक उघडून दाखवले. खणाखणांतून भुसा भरलेले पक्षी मांडलेले, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, जागा आणि तारीख. त्या पोराचे पुढचे ऐंशी वर्षांचे आयुष्य त्या खणांतून निघाले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले तेही त्या पडलेल्या चिमणीवरून.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, आपण सलीम अलींना दयाळू पक्षिमित्र म्हणून भिंतीवर टांगून ठेवले आहे. ते तसे नव्हते. त्यांनी आयुष्यात असंख्य पक्षी बंदुकीने टिपले, त्यांची कातडी सोलून, मोजमापे घेऊन ती खणांत ठेवली. जखमी पाखराला कापसात गुंडाळणारा हा माणूस नव्हे. त्यांची भूतदया वेगळ्या जातीची होती. ती समोरच्या जिवाला आधी नीट ओळखायची.

शिक्षणाची रड मोठी होती. मॅट्रिक कसेबसे १९१३ मध्ये झाले. कॉलेजात गणित जमेना, तेव्हा ते ब्रह्मदेशात टॅव्हॉयला भावाच्या खाण-लाकूड धंद्यात गेले. तिथे जंगलात पक्षी पाहण्यात अधिक वेळ गेला. परत आल्यावर मुंबईत व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकले. (आम्हा बँकवाल्यांना हे वाचून फार बरे वाटते.) झेवियर कॉलेजातले फादर ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. १९१८ मध्ये तेहमिना बेगमशी लग्न झाले. पण विद्यापीठाची पदवी काही मिळाली नाही, आणि तिच्यावाचून सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागाही हुकली.

अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, दरमहा ३५० रुपयांवर गाइड लेक्चररची नोकरी लागली. दोन वर्षांत तिचा कंटाळा आला. रजा काढून ते बर्लिनला एर्विन स्ट्रेझमान या जर्मन पक्षितज्ज्ञाकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परत येतात तो काय, पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली! वय तेहतीस, पदवी नाही, नोकरी नाही. त्या काळी त्यांनी आमच्या शाखेत कर्जासाठी अर्ज केला असता, तर मी तो नाकारला असता आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरले असते.

हे दांपत्य मग किहीमला येऊन राहिले. आज मुंबईकरांच्या बंगल्यांनी भरलेले किहीम तेव्हा माडांचे, सुरूंचे आणि ओसाड वाळूचे गाव होते. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकार माणसाजवळ एकच गोष्ट मुबलक असते, ती म्हणजे वेळ. सलीम अलींनी शिडी लावली, तिच्यावर कापडाचा आडोसा बांधला आणि पावसाळ्याच्या त्या महिन्यांत रोज तिथे बसून खोपे पाहिले.

नर-मादी जोडीने घरटे विणतात असा सर्वसाधारण समज होता. त्यांनी पाहिले ते निराळेच. नर एकटाच अर्धा खोपा विणतो. मग माद्या पाहणीला येतात, खोपा तपासतात, नापसंत असेल तर निघून जातात. एखादीने पसंत केला की नर तो पुरा करून देतो आणि तिला आत बसवून शेजारी दुसरा खोपा दुसरीसाठी विणायला घेतो. स्थळपाहणी करून घर पसंत करणाऱ्या त्या माद्या वाचताना मला आमच्या खात्यातले व्हॅल्युअर आठवतात. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि जगभरच्या पक्षितज्ज्ञांना या माणसाचे नाव कळले. त्यांच्या कीर्तीचा पाया आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर, बेकारीच्या दिवसांत, एका शिडीवर घातला गेला.

पुढे त्यांनी संस्थानांच्या पक्षिसर्वेक्षणांची कामे घेतली. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. अट एवढीच, की प्रवासाचा खर्च द्यावा, मेहनताना नको. तेहमिना बेगम तंबूत, बैलगाडीत, धुळीत त्यांच्या बरोबर असत. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुण्यांच्या घरी ते राहिले आणि काम वाढवत गेले. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पहिले पुस्तक आले. डेहराडूनच्या तुरुंगातून पंडित नेहरूंनी ते आपल्या मुलीला पाठवले होते. १९६४ ते १९७४ या काळात डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारत-पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ पुरा केला.

मी म्हटले की ते जखमी पाखरे उचलणारे नव्हते. पण जागा वाचवायला ते धावत. भरतपूरचे पाणथळ शेतीसाठी आटवायची मागणी झाली, तेव्हा त्यांनी नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पैशांवाचून बंद पडायच्या बेतात आली, तेव्हाही त्यांनी नेहरूंनाच पत्र लिहून मदत मिळवली. केरळच्या सायलेंट व्हॅलीतल्या धरणाविरुद्ध त्यांनी उतारवयात आवाज उठवला. १९७६ मध्ये मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले, त्या पैशांतून त्यांनी निसर्गरक्षणाचा निधी उभा केला. त्याच वर्षी पद्मविभूषण झाले आणि १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती.

या सगळ्यात एक प्रकरण मला त्या सहा दिवसांत विशेष आठवत होते. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, मागोमाग माणसे आजारी पडली. रोगाचा विषाणू रशियात आढळणाऱ्या एका विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग संशय आला तो सैबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांवर. अंगावरच्या गोचिडांतून त्यांनीच हा रोग आणला असणार! पक्ष्यांच्या बाजूने नुसती वकिली करणे सलीम अलींना अवघड नव्हते. पण त्यांनी केले ते एवढेच की, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हजारो पक्षी जाळ्यांत धरले, त्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली, गोचिडे तपासायला दिली आणि पक्षी सोडून दिले. आरोप काही सिद्ध झाला नाही. उलट कोणता पक्षी कुठून येतो आणि कुठे जातो याची माहिती मात्र देशाला पहिल्यांदाच एवढ्या प्रमाणात मिळाली.

आता वटवाघळाकडे येतो.

१९४८ मध्ये तमिळनाडूतील हाय वेव्ही डोंगरात, म्हणजे आजच्या मेघमलईत, अँगस हटन नावाच्या निसर्गवेड्या मळेवाल्याला एक वटवाघूळ मिळाले. त्याचे कातडे सोसायटीच्या संग्रहात आले. आखूड नाकाचे नेहमीचे फळवाघूळ अशी त्याची नोंद झाली आणि ते खणात गेले. ज्या संस्थेचे खण मिलार्डसाहेबांनी एका पोराला उघडून दाखवले होते, त्याच संस्थेच्या खणात हे वाघूळ चुकीच्या नावाने चोवीस वर्षे पडून राहिले. अखेर किट्टी थोंगलोंग्या या थायलंडच्या प्राणिशास्त्रज्ञाने ते काढून नीट पाहिले. दात वेगळे, शेपूट नाही. जात तर नवीच, पण प्रजातीही (जीनस) नवी! १९७२ मध्ये त्यांनी त्याला सलीम अलींचे नाव दिले. थोंगलोंग्या स्वतः १९७४ मध्ये अकाली गेले, आणि त्यांचे नाव जगातल्या सर्वांत चिमुकल्या वटवाघळाला मिळाले. सलीम अलींचे वटवाघूळ जिवंत पुन्हा सापडले ते १९९३ मध्ये. दक्षिणेकडच्या सह्याद्रीतील मोजक्या जागा सोडल्या तर ते कुठेच नाही.

गंमत पाहा. ज्या १९७२ साली या वाघळाला नाव मिळाले, त्याच साली देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी प्राणी होते. उंदीर, घुशी, कावळे आणि त्यांच्याच पंगतीत फळे खाणारी वटवाघळे. पुढे सलीम अलींच्या वटवाघळाला त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या शेजारी, जागा मिळाली. देवळामागच्या वडावरची त्याची भावंडे मात्र उपद्रवी ती उपद्रवीच राहिली. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवींची ती अनुसूची काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. सरकारला अधिसूचना काढून एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवता येते, एवढे कलम शिल्लक आहे.

माझे एक जुने खाते इथेच उघडावे लागते. १९८७ मध्ये मी याच तालुक्यात एका बँकेच्या शाखेत तरुण अधिकारी होतो. त्याच वर्षी, नव्वदी गाठून, सलीम अली मुंबईत वारले आणि आम्ही शाखेत चहाच्या वेळी वर्तमानपत्रातली बातमी एकमेकांना वाचून दाखवली. त्याच वर्षी माझ्यासमोर चिकू-नारळाच्या बागेसाठी एक कर्जप्रकरण आले. जमिनीच्या कोपऱ्यात मोठा वड होता आणि वडावर वाघळे होती. मी स्थळपाहणीला गेलो, पाच मिनिटे वर पाहिले आणि अहवालात लिहिले, की सदर वृक्ष उपद्रवी वटवाघळांचे आश्रयस्थान असून तो काढल्यास बागेस लाभ होईल. कायद्याने शब्द बरोबर होता. मी झाडाखाली काय पडले आहे तेही पाहिले नाही.

कर्जाचा दुसरा हप्ता देण्याआधी मी पुन्हा गेलो, ते थंडी सरता सरता, पुढच्या फेब्रुवारीच्या अखेरीस. वड त्याच सकाळी पाडला होता. वाघळे भर उन्हात माडांवरून गरागरा फिरत होती. काहींच्या पोटाशी पिल्ले चिकटलेली होती, काही पिल्ले खाली फांद्यांत पडलेली होती. हा त्यांचा विणीचा मोसम असतो हे मला ठाऊक नव्हते. मोठ्या वाघळाच्या मादीला वर्षाकाठी एकच पिल्लू होते हेही मी नंतर वाचले. मी हप्ता मंजूर केला. बाग चांगली झाली, कर्जही वेळेवर फिटले. बँकेच्या दृष्टीने ते माझे एक उत्तम प्रकरण होते.

संक्रांतीच्या त्या सकाळी शिडीच्या टोकावर नारळ काढणारा मुलगा होता आणि खाली मी फोन धरून उभा होतो. प्राणी सोडवण्याचे काम करणारा तालुक्यातला एक तरुण फोनवरून सांगत होता. उघड्या हाताने धरायचे नाही, जाड हातमोजे घाला. चावले तर रेबीजची लस लगेच घ्यावी लागेल. मांजा ओढू नका, कापा. टॉवेलात गुंडाळा, तोंडही झाका, अंधारात ते शांत होते. आम्ही तसे केले. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडली, आत वरून जाड कापड लोंबते ठेवले, म्हणजे त्याला उलटे लटकता येईल. दूध मुळीच नको, असे त्याने दोनदा बजावले. दुपारी तो स्वतः आला, वनखात्याला कळवले आणि पशुवैद्याकडे नेऊन आणले. हाड शाबूत होते. पंखाच्या पडद्याला दोन भोके पडली होती, पण ती आपली आपण भरतात असे कळले. रात्री गारठा पडे, म्हणून खोके न्हाणीघराच्या उबेला ठेवले. पहिल्या रात्री त्याने थेंब थेंब पाणी घेतले, दुसऱ्या रात्री केळ्याचा तुकडा, तिसऱ्या रात्री चिकू. आमच्या सौभाग्यवतींनी न्हाणीघराचे दार लावून घेतले आणि नातवंडांना त्या बाजूला फिरकू दिले नाही. तेही योग्यच होते.

निपाहची भीती खोटी नाही. २०१८ मध्ये केरळात त्याने माणसे नेली. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत त्याच्या खुणा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला मिळाल्या, हे २०२१ मध्ये छापून आले आहे. म्हणून वाघळाने उष्टावलेले फळ खाऊ नये, ताडी-नीरेची मडकी झाकावीत, मेलेल्या वाघळाला हात लावू नये. पण वड तोडल्याने वाघळे नाहीशी होत नाहीत. ती चार वाड्यांत पांगतात, आणि भेदरलेल्या, उपाशी प्राण्याच्या अंगातून विषाणू अधिक बाहेर पडतो, असे अभ्यासक सांगतात.

त्या दिवसांत मी रोज पहाटे देवळामागे जाऊन झाडाखाली पाहू लागलो. १९८७ मध्ये जे पाहिले नव्हते, ते. उंडीची फळे, देशी बदामाच्या बिया, वडा-पिंपळाच्या बारीक बियांनी भरलेली विष्ठा, चोखून टाकलेल्या फळांचे चोथे. आपल्या किनाऱ्यावर होड्यांना आणि दिव्यांना ज्याचे तेल लागायचे ती उंडी पेरणारे हेच. खाडीकाठच्या चिपीची रात्री उमलणारी फुले फळतात तीही वटवाघळांमुळे.

सहाव्या दिवशी दिवेलागणीला त्या तरुणाने वाघूळ वडाच्या खालच्या फांदीला लटकवून सोडले. जमिनीवरून त्याला उडता येत नाही. ते बराच वेळ तसेच राहिले. मग अंग चाटले, चार हात वर सरकले आणि हात सोडल्यासारखे खाली येऊन पंख उघडले. सुपारीच्या वाडीवरून ते उत्तरेकडे गेले.

घरी येऊन मी अर्ज काढला. सही केली नाही. त्याऐवजी ग्रामपंचायतीत गेलो. कायद्याने प्रत्येक गावाची जैवविविधता नोंदवही असते. आमच्या वहीत वटवाघळांचे पान कोरेच होते. मी बँकेतल्या सवयीने रकाने भरले. नाव, झाड, जागा, तारीख, काय खाते, केव्हा विते. संख्येचा रकाना भरायला चार संध्याकाळ वडाखाली खुर्ची टाकून बसावे लागले, कारण ती एकदम उठतात आणि मोजणी चुकते. अखेरचा आकडा ३१२ आला. निपाहबद्दल काय करायचे आणि काय नाही, तेही एका कागदावर लिहून अर्जाला जोडले.

ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. वड राहील की जाईल, मला सांगता येत नाही. सह्या करणारी माणसे वाईट नाहीत, त्यांची लेकरे त्या झाडाखालून शाळेत जातात. मी एवढेच ठरवले आहे की, सभेत बोलण्याआधी त्यांना एकदा संध्याकाळी वडाखाली घेऊन जायचे. खुर्च्या मी नेणार आहे.